एसपीएन 102, एफएमआय 4: वाडीत तपासलेला एक ट्रक

मे महिना, नागपूरचं तापमान 45 च्या घरात, आणि अमरावती रोडवर वाडीला उभा असलेला दहा चाकी ट्रक. 2018 चं मॉडेल, बीएस-4, सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, वेस्टगेटवाला टर्बो (वेस्टगेट म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), 24 व्होल्टची वायरिंग. बुटीबोरीहून लोखंडी माल भरून अमरावतीकडे जाणारी गाडी. ड्रायव्हरची तक्रार एका वाक्यात होती: "चढाव लागला का गाडी बसते भाऊ, सपाटीले काही नाही, अन् धूर बी नाही मारत."

गाडी आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी फिरून आली होती. बूस्ट प्रेशरचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबाचा, सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आणि आता टर्बो गेला असं सांगून शेठकडून नव्या टर्बोचे पैसे मागितले होते. कारण काय, तर टर्बोच्या पुढच्या पाइपात तेल दिसलं आणि स्कॅनरवर 'बूस्ट' हा शब्द दिसला. तपासणी कुठून कुठे गेली ते इथे क्रमाने लिहितो आहोत. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या उन्हाळ्यात खूप असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचे टर्बो विनाकारण उतरवले जातात.

ड्रायव्हरच्या बोलण्यात कामाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली, धूर नाही. बूस्टचा सेन्सर जर खोटा जास्त दाब दाखवत असेल, तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा भरपूर आहे समजून डिझेल जास्त सोडतो आणि गाडी काळा धूर ओकते. दाब खरोखर कमी असेल किंवा सेन्सरचा सिग्नलच गेला असेल, तर ईसीएम डिझेल आवरतं घेतो. गाडी दम तोडते, पण सायलेन्सर स्वच्छ राहतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत हवा गळाली की धूर ठरलेला असायचा, त्यामुळे अजूनही 'धूर नाही म्हणजे हवेचा पाइप चांगला' असा समज आहे. कॉमन रेलला तो लागू होत नाही. दुसरी गोष्ट, त्रास फक्त चढावावर. आम्ही विचारलं, शेवटचं मोठं काम कोणतं झालं? दीड महिन्यापूर्वी क्लच प्लेट बदलली होती. त्रास त्यानंतर किती दिवसांनी सुरू झाला? "दोन-तीन खेपा झाल्या असतील." हे कागदावर लिहून ठेवलं.

स्कॅनर लावल्यावर पहिला नियम: कोड पुसायचे नाहीत. आधी फोटो काढायचा, प्रत्येक कोडसमोरचा आकडा लिहायचा, आणि कोड पडला त्या क्षणाची नोंद असेल तर ती उघडायची. ट्रकच्या कोडमध्ये दोन भाग असतात. एसपीएन सांगतो कोणती मोजणी, आणि एफएमआय सांगतो बिघाड कोणत्या प्रकारचा. दुसरा भाग बरेच जण वाचतच नाहीत, खरी माहिती तर त्यातच असते. एफएमआय 3 म्हणजे व्होल्टेज मर्यादेच्या वर, 4 म्हणजे मर्यादेच्या खाली, 5 म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली, 2 म्हणजे सिग्नल बेभरवशाचा. हे सगळे विजेचे बिघाड. 0, 1, 15, 16, 17, 18 हे मात्र वेगळे: सेन्सर बरोबर बोलतो आहे, मोजलेली गोष्टच नको तितकी जास्त किंवा कमी आहे. एफएमआय 4 आला असताना टर्बो खोलणं आणि 18 आला असताना सेन्सर बदलणं, दोन्ही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

या गाडीत चार कोड होते. एसपीएन 102 एफएमआय 4, म्हणजे बूस्ट सेन्सरचं व्होल्टेज खाली; 41 वेळा. एसपीएन 3509 एफएमआय 4, म्हणजे सेन्सरांना मिळणारा 5 व्होल्टचा पुरवठा खाली, 41 वेळा. एसपीएन 100 एफएमआय 4, ऑइल प्रेशर सेन्सर, 39 वेळा. आणि एसपीएन 102 एफएमआय 18, म्हणजे बूस्ट खरोखर अपेक्षेपेक्षा कमी. फक्त 6 वेळा.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की अर्धं निदान तिथेच होतं. पहिले तीन एकाच वेळी पडतात, म्हणजे त्यांचं मूळ एक. तिघांना जोडणारी गोष्ट 5 व्होल्टची सामाईक तार. ईसीएमच्या आत असा पुरवठा दोन किंवा तीन गटांत असतो आणि एका गटावर तीन-चार सेन्सर असतात. त्यातली एक तार चेसीला टेकली, किंवा एका सेन्सरने आतून शॉर्ट केला, की अख्खा गट झोपतो. फ्यूज मात्र उडत नाही, कारण ईसीएम हा करंट स्वतःच आवरतो. म्हणून 'फ्यूज सगळे ठीक आहेत' या वाक्याला इथे काही अर्थ नसतो. आणि चौथा कोड, 6 वेळा आलेला, हा या तिघांचा सोबती नाही. गाडीत दोन वेगळी दुखणी होती. आधीच्या ठिकाणी दोन्ही एक समजली गेली, आणि सेन्सर बदलूनही गाडी तशीच राहिली ती त्यामुळे.

संध्याकाळ झाली होती, म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ दिली. थंड इंजिनावर काही तपासण्या फुकट होतात. सकाळी सात वाजता चावी ऑन केली, सेल्फ मारला नाही, आणि स्कॅनरवर सगळी तापमानं एका पानावर घेतली: कूलंट 33, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) 34, बाहेरची हवा 33. बारा तास उभ्या असलेल्या गाडीत हे आकडे एकमेकांच्या तीन-चार अंशांत असले पाहिजेत. एखादा 50 सांगत असेल तर तो सेन्सर किंवा त्याचा कपलर (तारांचा प्लग) लगेच हाती लागतो. एखादा उणे 40 दाखवत असेल तर त्याची तार तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. तापमानाच्या सेन्सरचा रेझिस्टन्स उष्णतेने कमी होतो. सर्वसाधारण 20 अंशांना अडीच हजार ओहम, 40 ला साधारण 1200, 80 ला सव्वातीनशे. तार उघडी म्हणजे रेझिस्टन्स अमर्याद, आणि ईसीएमला ते अतिथंड वाटतं.

त्याच पानावर दाब पाहिले. इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सर आणि ईसीएमच्या आतला हवेच्या दाबाचा सेन्सर, दोघांनी एकच आकडा सांगितला पाहिजे, कारण दोघांवर एकच हवा आहे. इथे एक चूक फार होते. पुस्तकात समुद्रसपाटीचा 101 किलोपास्कल लिहिलेला असतो, आणि स्कॅनरवर 97 दिसला की सेन्सर कमी दाखवतो असं ठरवलं जातं. नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर आहे, इथे 97 च्या आसपासच दिसायला हवा. मेमध्ये त्याहून थोडा खालीही जातो. या गाडीत बूस्ट 97 आणि हवेचा दाब 96.5 आला. नवा सेन्सर निदान या बिंदूला बरोबर होता. (काही स्कॅनर हवेचा दाब वजा करून दाखवतात. तिथे शून्य दिसेल. आधी स्कॅनर काय दाखवतो ते समजून घ्यायचं.)

आता बॅटरी. सेन्सरच्या कामात बॅटरीला कोण विचारतं, असं वाटेल. पण 24 व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्यांपैकी एक कमकुवत असली, किंवा इंजिनची अर्थ पट्टी गंजली असली, तर रोज नवा कोड पडतो आणि तो कशातच बसत नाही. दोन्ही बॅटऱ्या 12.6. सेल्फ मारताना एकूण व्होल्टेज 20 च्या जवळ राहिलं. 18 च्या खाली गेलं असतं तर तिथेच थांबलो असतो. इंजिन चालू असताना चार्जिंग 27.9. आणि सेल्फ फिरत असताना ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह 0.3 व्होल्ट. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थ केबल काढून, घासून, घट्ट करायची, मगच पुढचं बोलायचं.

यानंतर बूस्ट सेन्सरचा कपलर. चार पिना असतात: 5 व्होल्ट, अर्थ, दाबाचा सिग्नल आणि तापमानाचा सिग्नल. तारेत सुई खुपसून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांत तांबं हिरवं होऊन आतल्या आत तुटतं, बाहेरून प्लॅस्टिक साबूत. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक प्रोब सरकवून मोजायचं. 5.02 व्होल्ट पुरवठा. सेन्सरची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह 20 मिलिव्होल्ट. 100 च्या वर नको. सिग्नल 1.04 व्होल्ट. या सेन्सरचा हिशेब 50 किलोपास्कलला 0.5 व्होल्ट आणि 400 ला 4.5 असा आहे, म्हणजे 97 ला 1.04 यायला हवा. आला.

कपलर काढून पिनांची पकड पाहिली. त्याच मापाची एक सुटी नर पिन जवळ ठेवायची आणि प्रत्येक मादी पिनेत घालून ओढून बघायची. जी सहज सुटते ती सैल. कपलर वारंवार काढल्याने किंवा मल्टिमीटरचा जाड प्रोब पुढून खुपसल्याने पिना फाकतात. या गाडीत सेन्सर दोनदा बदलला होता, म्हणून हे बघणं गरजेचं होतं. चारही घट्ट निघाल्या.

उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चढावावर सगळं बिघडलेलं. नेमक्या या ठिकाणी बहुतेक तपासण्या सोडून दिल्या जातात आणि अंदाजाने भाग बदलायला सुरुवात होते.

मल्टिमीटर 5 व्होल्टच्या तारेवर लावून किमान-कमाल नोंदीवर ठेवला आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलवायला घेतला. ईसीएमपासून सुरुवात, एकेक वीत पुढे, प्रत्येक वळण, प्रत्येक क्लिप. किमान 5.01 च्या खाली आला नाही. मग ड्रायव्हरचं वाक्य पुन्हा वाचलं: चढाव. चढावावर इंजिनात काय बदलतं? उष्णता वाढते, दाब वाढतो, आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर (रबरी आधारांवर) पीळ खातं. हा पीळ नुसत्या इंजिनाच्या टॉर्कएवढा नसतो. गिअरबॉक्स इंजिनालाच बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टवर जितका टॉर्क जातो तितकाच उलटा जोर माउंटिंगच्या रबरावर येतो. जितका खालचा गिअर, तितका तो जास्त. तळेगावच्या सत्याग्रही घाटात भरलेली गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढते तेव्हा इंजिनाची क्लीनरकडची, म्हणजे डावी, बाजू वर उचलली जाते, आणि सपाटीवर वरच्या गिअरला ते जागचं फारसं हलत नाही. ड्रायव्हर नेमकं हेच सांगत होता.

मग चाकांना लाकडं लावली, इंजिन बंद, चावी ऑन. पहार चेसी आणि इंजिनच्या माउंटिंग ब्रॅकेटच्या मध्ये घालून क्लीनर साइडने इंजिन हळूच उचललं. पहार कधीच तेलाच्या चेंबरला लावू नये, तो दबतो किंवा फुटतो. इंजिन साधारण बोटाच्या जाडीएवढं हललं आणि मीटरवर 5.02 चं 0.3 झालं. सोडलं, परत 5.02. स्कॅनरवर तिन्ही कोड एकदम उभे राहिले.

टॉर्च घेऊन खाली गेल्यावर जागा दिसली. क्लच प्लेट काढताना बेल हाउसिंगजवळची हार्नेस धरून ठेवणारी पी-क्लिप सोडावी लागते. ती परत लावलेली नव्हती. हार्नेस चार बोटं खाली लोंबत होता आणि चेसीवरच्या हवेच्या पाइपच्या ब्रॅकेटची धार त्याला घासत होती. बाहेरची नालीदार नळी कापली गेली होती, आत एका तारेचं प्लॅस्टिक खरवडलं जाऊन तांबं उघडं पडलं होतं. एरवी धार आणि तांब्यात तीन-चार मिलिमीटर जागा राहायची, इंजिनाने पीळ खाल्ला की ती संपायची.

पीळ देऊनही जागा सापडली नसती तर पुढची पायरी अशी असते: बिघाड कायम उभा असताना त्या गटातले सेन्सर एकेक करून काढायचे. एखादा काढल्यावर 5 व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही आले नाहीत तर तार किंवा ईसीएम. तार आणि ईसीएममध्ये फरक करायला ईसीएमच्या कपलरमधून तेवढी एक पिन काढून पिनेवर मोजायचं. ईसीएम गेला हे म्हणण्याआधी इतकं तरी झालंच पाहिजे. ईसीएम क्वचित जातो, आणि जातो तेव्हा बऱ्याचदा चेसीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचे कपलर न काढल्यामुळे जातो.

जोड कसा द्यायचा यावर आमचं मत पक्कं आहे. इंजिनच्या हार्नेसला नुसती सोल्डरिंग नको. कथील तारेच्या बारीक धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने त्या ताठ भागाच्या टोकाला तार तुटते. योग्य मापाचा क्रिंप, चांगल्या पक्कडीने दाबलेला, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, गोंद दोन्ही टोकांनी डोकावेपर्यंत तापवलेली. ही तार 0.75 चौरस मिलिमीटरची होती, तेवढीच जोडली. शेजारच्या तारांवर ओरखडा होता म्हणून त्याही उघडून पाहिल्या. एकापेक्षा जास्त जोड असतील तर एकाच ठिकाणी गाठोडं न करता दीड-दोन इंच मागेपुढे द्यायचे. नवी नालीदार नळी, त्यावर उष्णता सोसणारी कापडी टेप, ब्रॅकेटची धार कानशीने मोडून तिच्यावर रबर, आणि रबरी अस्तराची नवी पी-क्लिप मूळ बोल्टवर. माउंटिंगची रबरंही पाहिली. दबली होती, पण फाटलेली नव्हती. तार दुरुस्त झाल्यावर ओहम मोजून समाधान मानू नका. एका धाग्यावर लोंबणारी तारसुद्धा मीटरवर चांगली दिसते. ईसीएमकडचा कपलर काढलेला असताना त्या तारेतून 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब पेटवून बघा. तो पूर्ण पेटला तर तार करंट नेते आहे. ईसीएम जोडलेला असताना हा प्रयोग करायचा नाही.

इथवर एक दुखणं संपलं. कोड आता पुसले. उरलेला चौथा परत येतो का ते पाहायचं होतं.

टर्बोची परीक्षा उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून होत नाही. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या उष्णतेवर आणि जोरावर, आणि बोजा नसेल तर इंजिन तेवढं डिझेल जाळतच नाही. उभ्या गाडीत बूस्ट कमी दिसणं हे निदान नाही. भरलेल्या गाडीनेच, स्कॅनर नोंदीवर ठेवून, वाडीहून बाजारगावच्या पुढपर्यंत गेलो. चढाव बघून एक गिअर वरचा ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण. नोंदीत चार गोष्टी एकत्र हव्यात: अपेक्षित बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट, अपेक्षित रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), प्रत्यक्ष रेल प्रेशर. बूस्ट अपेक्षित 255 किलोपास्कल, प्रत्यक्ष 210. रेल प्रेशर दोन्ही जवळपास सारखे.

शेवटच्या आकड्याने एक मोठी शक्यता बाद केली. डिझेल फिल्टर चोंदला, टाकीतली जाळी भरली किंवा पंप थकला, तर रेल प्रेशर आधी पडतो. डिझेल कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे टर्बो मंद. अशा गाडीत बूस्ट कमी दिसतो आणि टर्बो मात्र निर्दोष असतो. आम्ही रेल प्रेशरशिवाय बूस्टचा आकडा वाचत नाही.

मॅनिफोल्डमधली हवा 68 अंशांवर गेली होती, बाहेर 44. भर बोज्यावर बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त इतकं चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पातळ पत्र्यांत माती, कोळशाची भुकटी आणि किडे बसलेले असतात. उमरेड, कोराडी, खापरखेडा या पट्ट्यात कोळसा आणि राख वाहणाऱ्या गाड्यांचे इंटरकूलर आम्ही उन्हाळ्याआधी पंख्याच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुतो. जोराची जेट जवळून मारली की ते पत्रे झोपतात आणि हवा कायमची अडते.

एअर फिल्टरच्या निर्देशकाची लाल पट्टी आलेली नव्हती. मीटर लावून पाहिल्यावर पूर्ण बोज्यावर ओढ 14 इंच पाण्याची. साधारण 25 इंच ही फिल्टर बदलण्याची मर्यादा असते. फिल्टर झटकून परत बसवू नका. झटकल्याने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि ती धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते.

आता हवेचे पाइप. टर्बोच्या आउटलेटपासून इंटरकूलर, आणि तिथून इनटेक मॅनिफोल्ड. दोन्ही टोकांना बुचं लावून आतमध्ये हवा भरायची. बुचं पट्ट्याने किंवा साखळीने बांधायची आणि समोर उभं राहायचं नाही. 2 बार दाबाने सुटलेलं बुच माणसाला जबर इजा करतं. रेग्युलेटर हळूहळू उघडत 30 पीएसआयपर्यंत नेलं, पुरवठा बंद केला आणि घड्याळ लावलं. 15 सेकंदांत पाच-सात पीएसआय उतरला तर चालतं, कारण इंटरकूलरचे सांधे थोडं गळतातच. इथे 15 सेकंदांत काटा शून्यावर आला.

साबणाचं पाणी मारायचीही गरज पडली नाही, आवाज ऐकूच येत होता. इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या थंड बाजूच्या होजला खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या कडेला, चारेक सेंटिमीटरची चीर. दाब नसताना ती ओठांसारखी मिटलेली, बोट फिरवूनही कळत नव्हती. दाब आला की उघडायची. म्हणून वरवर पाहणाऱ्याला ती दिसली नाही. कारणही तिथेच होतं: मूळ होजच्या जागी साधी रबरी होज, आतून तेलाने फुगून मऊ झालेली, आणि क्लॅम्प पाइपच्या उंचवट्यावरच चढवून आवळलेला. क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे. टी-बोल्टचा क्लॅम्प वापरावा. स्क्रूच्या साध्या पट्टीच्या खाचा मऊ होजला कापतात.

अशी चीर तशीच ठेवली तर पुढे टर्बो खरोखर जातो. गळालेली हवा भरून काढायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि मुळात त्याचा वेग मिनिटाला लाखाच्या घरात असतो.

होज उघडीच होती, म्हणून टर्बोही पाहून घेतला. पुढचा पाइप काढून इंपेलर हाताने फिरवला, मोकळा. शाफ्ट वर-खाली हलवला की थोडा ढिलेपणा जाणवतो आणि तिथेच घाबरून टर्बो बाद ठरवला जातो. फ्लोटिंग बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं, इंजिन बंद असताना तो ढिलेपणा असणारच. पाती घराला टेकतात का, हे बघायचं. टेकत नव्हती, घरावर ओरखडाही नव्हता. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र डायल गेजने मोजायची, तिथे मोकळीक फारच थोडी असते. 0.06 मिलिमीटर आली, मॅन्युअलच्या मर्यादेत. पात्यांच्या कडा धारदार, म्हणजे धूळ गेलेली नाही. टर्बाइनकडची काजळी कोरडी होती, म्हणजे तिकडचं सील तेल सोडत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटभोवती काळे फटकारे नव्हते. ते असते तर टर्बोला पोचण्याआधीच जोर बाहेर जात होता असं समजायचं.

पाइपातलं तेल? बोटाला लागेल इतका थर. क्रँककेसचा वायू इनटेकमध्ये सोडणाऱ्या इंजिनात तो असतोच. चमचाभर साचलेलं तेल असतं तर वेगळी चौकशी होती: ब्रीदर चोंदला आहे का, एअर फिल्टर फार ओढतो आहे का, आणि टर्बोतून चेंबरकडे परत जाणारा तेलाचा पाइप दबला किंवा जळक्या तेलाने बुजला आहे का. तो पाइप उताराने, जवळजवळ सरळ खाली गेला पाहिजे. परतीची वाट अडली की नवा टर्बोसुद्धा पहिल्या दिवसापासून तेल ओकतो. त्याच्या गॅसकेटला सिलिकॉन लावण्याची सवयही घातक आहे. आत निघालेला तुकडा तेलाचं भोक बंद करतो.

वेस्टगेटचा ॲक्च्युएटर उरला होता. त्याला रेग्युलेटरने हवा देऊन दांड्यावर डायल गेज लावला. ठरलेल्या दाबाला दांडा 1 मिलिमीटर सरकला, आणि दाब धरून ठेवल्यावर काटा उतरला नाही, म्हणजे पडदा शाबूत. दांड्याच्या नटाशी खेळून बूस्ट वाढवण्याचा सल्ला पुष्कळ दिला जातो. तो नट हलवायचा नाही. ॲक्च्युएटरला जाणारी बारीक नळी मात्र दर वेळी पाहा. ती फाटली तर वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट मर्यादेच्या वर जातो.

नवी होज, तेल सोसणाऱ्या आतल्या थराची. पाइपची टोकं कोरड्या फडक्याने पुसून, ग्रीस न लावता बसवली. नवे क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कने. परत दाबचाचणी: 30 वरून 15 सेकंदांत 27. त्याच रस्त्यावर, त्याच बोज्याने पुन्हा नोंद: अपेक्षित 255, प्रत्यक्ष 252. बूस्ट सेन्सरचा सिग्नल तेव्हा 2.8 व्होल्टच्या जवळ, हिशेबाला जुळणारा. चारपैकी एकही कोड परत आला नाही. इंजिन गार झाल्यावर क्लॅम्प एकदा पुन्हा तपासले. रबर पहिल्या उष्णतेला बसतं आणि क्लॅम्प किंचित सैल होतात.

ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगितल्या. घाट चढून आल्यावर ढाब्यावर थांबताना इंजिन लगेच बंद न करता तीन ते पाच मिनिटं रिकामं चालू ठेवायचं, नाहीतर गरम टर्बोतलं तेल आतच जळून कोळसा होतं. आणि पुढच्या खेपेहून आल्यावर बेल हाउसिंगची क्लिप आम्हाला दाखवायला गाडी घेऊन यायची.

तो आला तेव्हा क्लिप जागेवर होती, रबरावर घासल्याची खूण नव्हती. सोबत त्याने केबिनच्या पेटीतून कागदात गुंडाळलेला एक सेन्सर काढला. गाडीचा मूळ, सगळ्यात आधी बदललेला. त्याला टेबलावर 5 व्होल्ट देऊन मोजलं: मोकळ्या हवेत 1.04. हातपंपाने 1 बार चढवल्यावर 2.18. दोन्ही आकडे हिशेबाप्रमाणे. ओ-रिंग बदलून, पिनांवर टोपी लावून तो परत पेटीत ठेवायला दिला, स्पेअर म्हणून.